वाद्यवृंद-संचालक आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी: सुरुवात कोठून आणि कशी करावी

पियानो शिकणाऱ्याला पियानो घरी ठेवता येतो, व्हायोलिन शिकणारा व्हायोलिन काखोटीला मारून कोठेही जाऊ शकतो. संचालन शिकणाऱ्याचे वाद्य मात्र साठ-सत्तर माणसांचे असते आणि ते घरी नेता येत नाही. या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे. विद्यार्थ्याचा कान तयार असतो, अभ्यास दांडगा असतो, हातही सुरेख चालतात, पण वादकांसमोर उभे राहण्याची संधी वर्षभरात मोजक्या मिनिटांची मिळते आणि प्रगती तेथेच खुंटते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्यावर नवोदिताने स्वतःला एकच प्रश्न विचारत राहावे, की यातून प्रत्यक्ष वादकांसमोर मला किती वेळ मिळणार आहे. या कसोटीवर पाहिले म्हणजे संगीतशिक्षणाकडे ‘संचालनात जम बसला नाही तर करायचे काम’ म्हणून पाहण्याची रीत किती चुकीची आहे, हे ध्यानात येते. सर्वांत जास्त तास शिक्षकालाच मिळतात.

आधी वाद्य, मग बॅटन

संचालनाची तयारी एखादे वाद्य नीट वाजवता येण्यापासून होते, आणि ते वाद्य शक्यतो वाद्यवृंदात बसून वाजवण्याचे असावे. आर्तुरो तोस्कानिनी चेलोवादक होते. १८८६ साली रिओ दी जानेरोमध्ये ‘आयदा’च्या प्रयोगाला संचालक उरला नाही, तेव्हा वाद्यवृंदातील या एकोणीस वर्षांच्या तरुणाला पुढे करण्यात आले आणि त्यांनी संपूर्ण ऑपेरा स्मरणातून चालवला. कार्लो मारिया जुलिनी व्हायोला वाजवत, झुबिन मेहता व्हिएन्नात शिकत असताना डबल बास वाजवत, तर सायमन रॅटल किशोरवयात युवा वाद्यवृंदात तालवाद्यांमागे उभे राहत. वादकाच्या खुर्चीत बसल्यावर जे कळते ते व्यासपीठावरून कळत नाही. वादकाची नजर बराचसा वेळ कागदावर असते आणि संचालक त्याला डोळ्यांच्या कडेने दिसतो. त्यामुळे मोठमोठ्या आविर्भावांपेक्षा बॅटनचे, म्हणजे संचालकाच्या हातातील काडीचे, टोक नेमके कोठे आपटते, हे स्वच्छ दिसणे त्याच्या अधिक उपयोगाचे असते. कित्येक बार (ठरावीक मात्रांचे छोटे खंड) गप्प बसून मग एकट्याने सूर लावायचा असतो, अशा हॉर्नवादकाला आधीच्या बारमध्ये मिळालेली एक नजर पुरते, आणि ती मिळाली नाही तर त्याला काय वाटते, हे ज्याने ते एकदा अनुभवले त्याला शिकवावे लागत नाही.

मुख्य वाद्य कोणतेही असो, कामापुरता पियानो यायलाच हवा. मैफलीत वाजवण्याइतका तो यावा असे नाही, पण चौकडीचे (चार वादकांच्या रचनेचे) चार भाग किंवा साधा स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे भाग एकाखाली एक लिहिलेली स्वरलिपी, पियानोवर वाजवून पाहता यावा. संचालनाच्या बहुतेक प्रवेशपरीक्षांत हे तपासले जाते आणि ऑपेरागृहांतील पहिल्या नोकऱ्या तर पियानोवरच मिळतात.

कानाची तयारी

या भागाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे आहे, पण करण्यासारखे फार. रोज थोडा वेळ पाहून गाण्याचा आणि ऐकून लिहिण्याचा सराव ठेवावा. बाखच्या चार आवाजी कोरालमधील (स्तोत्रगीतातील) तीन भाग पियानोवर वाजवावेत आणि चौथा गावा, मग गायचा भाग बदलावा. हा व्यायाम सोपा वाटतो, पण महिनोन्‌महिने पुरतो. क्लेफ म्हणजे स्वरलिपीच्या रेषांवर कोणता सूर कोठे येतो ते ठरवणारे चिन्ह; व्हायोलासाठी वापरली जाणारी आल्टो क्लेफ आणि चेलो-बसूनच्या वरच्या पट्टीतील टेनर क्लेफ अडखळल्याशिवाय वाचता यावी. त्यानंतर स्वरांतर करणारी वाद्ये येतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर सी लिहिला असेल तर प्रत्यक्षात बी-फ्लॅट ऐकू येतो, एफमधील हॉर्न लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली वाजतो, डबल बास सप्तकाने खाली आणि पिकोलो सप्तकाने वर. स्कोअरकडे पाहताक्षणी खरा सूर डोक्यात वाजला पाहिजे, नाहीतर तालमीत हॉर्नवादकाने ‘माझा हा सूर बरोबर आहे का’ असे विचारल्यावर बोटे मोजत बसण्याची पाळी येते.

चुका ओळखण्याचा सराव वेगळा करावा. चार मित्रांना एखादी चौकडी वाजवायला सांगावी, त्यांच्या कागदांत तिसऱ्याच कोणाकडून दोन-तीन चुका पेरून घ्याव्यात आणि त्या कानाने शोधाव्यात. चूक झाली आहे हे पुष्कळांना कळते. ती व्हायोलाची की दुसऱ्या व्हायोलिनची, आणि सुराची की लयीची, हे सांगता येणे म्हणजे संचालकाचा कान.

स्कोअर कसा वाचावा

नवोदितांची पहिली सवय असते ती ध्वनिमुद्रण लावून त्याच्याबरोबर हात हलवण्याची. ती मोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ध्वनिमुद्रणाच्या मागे हात चालवणारा संचालन करत नसतो, तो अनुकरण करत असतो, आणि वादकांसमोर उभा राहिला की तो त्यांच्या आवाजाच्या किंचित मागेच राहतो. ध्वनिमुद्रणे जरूर ऐकावीत, निरनिराळ्या संचालकांची ऐकावीत, पण स्वतःचा निर्णय झाल्यानंतर.

अभ्यासाचा क्रम साधारण असा ठेवावा. प्रथम संपूर्ण कृती वाचून तिचे मोठे भाग ठरवावेत. मग वाक्ये किती बारची आहेत ते पेन्सिलीने खुणावावे, कारण चार-चार बारच्या ओघात मध्येच आलेले पाच बारचे वाक्य हीच वाद्यवृंद घसरण्याची जागा असते. त्यानंतर स्वरसंवादांची हालचाल, मग कोणते वाद्य कोणाला दुजोरा देते आणि कोठे एकटे पडते, आणि शेवटी प्रत्येक भाग स्वतः गाऊन पाहणे. स्कोअरच्या पानावर वरून खाली लाकडी फुंकवाद्ये, पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि तळाशी तंतुवाद्ये अशी मांडणी असते. नजर तळाच्या बासपासून वर नेण्याची सवय लावली तर संगीताचा पाया आधी दिसतो.

बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले पान उदाहरणासाठी घेऊ. ते सर्वांना तोंडपाठ असते आणि तरीही नवोदितांना हमखास अडवते. मात्रा २/४ आहे, पण गती इतकी जलद की प्रत्येक बारला हाताचा एकच ठोका पडतो. पहिल्या बारमध्ये आधी आठव्या भागाचा, म्हणजे अर्ध्या मात्रेचा, विराम आहे आणि मग तीन छोटे सूर. म्हणजे संचालकाचा ठोका जेथे पडतो तेथे शांतता असते आणि आवाज त्यानंतर येतो. हे तीन सूर तंतुवाद्यांबरोबर क्लॅरिनेटही वाजवतात, तेव्हा गजाचा आणि श्वासाचा आरंभ एकाच वेळी व्हायला हवा. दुसऱ्या बारमधील लांब सुरावर फर्माटा (सूर वाटेल तितका धरून ठेवण्याची खूण) आहे, पण पुढे हाच प्रकार पुन्हा येतो तेव्हा लांब सूर आणखी एका बारला जोडलेला आहे, म्हणजे दुसरा थांबा पहिल्यापेक्षा मुद्दाम मोठा आहे. पहिला सूर सोडवताना हाताची जी हालचाल होते तीच पुढच्या बारची पूर्वसूचना करायची, की आधी आवाज तोडून मग वेगळी सूचना द्यायची, हे घरी ठरवून घ्यावे लागते. अवघ्या पाच बारमध्ये इतके निर्णय आहेत आणि ते व्यासपीठावर गेल्यावर घेता येत नाहीत.

अभ्यासाचा आणखी एक भाग कागदपत्रांचा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. कोणत्या आवृत्तीचा स्कोअर वापरायचा आणि वादकांकडचे भाग त्याच आवृत्तीचे आहेत ना, तालमीच्या खुणांची अक्षरे दोन्हीकडे जुळतात ना, बारना क्रमांक आहेत ना, हे आठवडाभर आधी तपासावे. तंतुवाद्यांच्या गजाच्या दिशा कॉन्सर्टमास्टरशी (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख वादकाशी) बोलून ठरवाव्यात आणि सर्व भागांवर आधीच लिहून घ्याव्यात. तालमीतील पहिला अर्धा तास ‘वर की खाली’ या चर्चेत गेला तर वादकांचे संचालकाविषयीचे मत तेथेच पक्के होते.

हात

दोन, तीन, चार मात्रांचे आकृतिबंध आठवडाभरात शिकून होतात. पाच आणि सात मात्रांना थोडा अधिक वेळ लागतो. खरे कौशल्य असते ते आवाजापूर्वीच्या एका ठोक्यात. या पूर्वसूचनेतून गती, आवाजाची पातळी आणि स्वरूप अशा तीनही गोष्टी कळल्या पाहिजेत: हळुवार सुरुवातीला मोठी उडी घेणारा हात वादकांना गोंधळात टाकतो, आणि ‘एक, दोन, तीन’ असे तोंडाने मोजून सुरुवात करणाऱ्याच्या हाताने आपले काम केलेले नसते. पूर्वसूचनेबरोबर खरोखर श्वास घ्यावा. फुंकवाद्ये त्याच श्वासावर येतात आणि तंतुवादकांचे गजही नकळत त्याच्याशी जुळतात.

डावा हात सतत उजव्याची नक्कल करत असेल तर तो खिशात ठेवलेला बरा. आवाज वाढवणे, कमी करणे, एखाद्या वाद्याला बोलावणे, लांब सूर धरून ठेवणे, ही त्याची कामे. रोज दहा मिनिटे उजव्या हाताने चार मात्रा देत डाव्या हाताने आठ बारमध्ये हळूहळू आवाज वाढवण्याचा आणि तितक्याच बारमध्ये उतरवण्याचा सराव करावा. आरशापेक्षा चित्रीकरण जास्त खरे बोलते. हेलसिंकीच्या सिबेलिअस अकादमीत जोर्मा पानुला यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना खऱ्या वादकांसमोर नियमित उभे राहण्याची संधी मिळे आणि नंतर प्रत्येकाला स्वतःचे चित्रीकरण पाहावे लागे. एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, सकारी ओरामो आणि ओस्मो व्हॅन्स्का हे सारे त्याच वर्गातून आले. आवाज बंद करून आपले चित्रीकरण पाहावे आणि कोणती कृती चालू आहे, ती मृदू आहे की तीव्र, हे नुसत्या हातांवरून ओळखता येते का ते तपासावे.

कोणाकडे शिकावे

संचालनात गुरूंची घराणी स्पष्ट दिसतात. व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे मेहता आणि क्लाउडिओ अब्बाडो शिकले; लेनिनग्राडमध्ये इल्या मुसिन यांच्याकडे युरी तेमिरकानोव्ह, व्हालेरी गेर्गिएव्ह आणि सेम्योन बिच्कोव्ह. नवोदिताने मात्र गुरूच्या नावाइतकेच वर्गाच्या रचनेकडे पाहावे. त्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वाद्यवृंद किती वेळा उपलब्ध असतो, की बहुतेक वर्ग दोन पियानोंसमोरच होतात? एका वर्गात विद्यार्थी किती? अल्प मुदतीच्या मास्टरक्लासमध्ये तर हे प्रश्न लेखी विचारावेत, कारण सक्रिय सहभागी आणि निरीक्षक यांच्या शुल्कात आणि लाभात मोठा फरक असतो, आणि प्रत्येकाला मिळणारी मिनिटे जाहिरातीत क्वचितच छापलेली असतात. निरीक्षक म्हणून जाणे वाया जात नाही. फक्त त्या दिवसांत स्कोअर हातात असावा आणि दुसऱ्याच्या चुकीवर गुरूने काय उपाय सांगितला ते त्याच पानावर टिपलेले असावे.

शिक्षकी पेशा मनात असेल तर संगीतशिक्षणाची स्वतंत्र पदवी किंवा प्रमाणपत्र घेण्याचा विचार लवकर करावा, कारण अनेक देशांत शाळेत नेमणुकीसाठी ते सक्तीचे असते. अशा अभ्यासक्रमांत तंतुवाद्ये, लाकडी फुंकवाद्ये, पितळी वाद्ये आणि तालवाद्ये प्रत्येकी काही महिने हाताळायला मिळतात, आणि संचालकाला त्याचा फायदा जन्मभर होतो.

स्वतःचा गट जमवणे

कोणी वाद्यवृंद देईल याची वाट पाहत बसू नये. दहा-बारा वादक जमले तरी पुरेसे असते. वाग्नरचे ‘सिगफ्रीड इडिल’ १८७० साली प्रथम वाजले ते तेरा वादकांवर, मोझार्टच्या ‘ग्रान पार्टिटा’ला बारा फुंकवाद्ये आणि एक डबल बास लागतो, ड्वोर्झाक आणि चायकोव्हस्की यांचे तंतुवाद्यांसाठीचे सेरेनेड तर केवळ तंतुवादकांवर होतात. सहविद्यार्थ्यांना बोलवावे, त्यांच्या परीक्षांच्या तारखा पाहून तालीम ठरवावी, कागद वेळेवर पोहोचवावेत, आणि ठरलेल्या वेळी तालीम संपवावी. जो वेळेवर सोडतो त्याच्याकडे वादक पुन्हा येतात, हा या क्षेत्रातील न लिहिलेला करार आहे. त्यांच्या कार्यक्रमांत आपणही वाजवावे, म्हणजे हिशेब बरोबर राहतो.

शिकवणे: सर्वांत मोठी तालीम

गुस्तावो दुदामेल यांनी २००४ साली बाम्बर्ग येथील पहिली माहलर संचालन-स्पर्धा जिंकली तेव्हा जगाला ते अचानक उगवल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात १९९९ पासून ते व्हेनेझुएलात युवा वाद्यवृंद चालवत होते, आणि तो वाद्यवृंद होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’ या शिक्षणयोजनेतून उभा राहिलेला होता. त्यांच्या वयाच्या किती विद्यार्थ्यांना इतके तास मिळाले असतील?

मुलांच्या वाद्यवृंदात संचालकाची कोणतीही अस्पष्टता झाकली जात नाही. व्यावसायिक वादक गढूळ पूर्वसूचनेतूनही एकत्र सुरुवात करतात, कारण ते एकमेकांचे ऐकून सावरतात. बारा वर्षांची मुले हात दाखवेल तेच वाजवतात. म्हणून आपला हात खरोखर काय सांगतो हे तेथे कळते.

पहिला निर्णय कृतीच्या निवडीचा असतो आणि त्यात स्वरपट्टीचा प्रश्न येतो. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना डी किंवा ए मेजर सोपे जाते, कारण मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारा हाताशी असतात. पण वाद्यवृंद डी मेजरमध्ये असेल तर बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजवणाऱ्या मुलांच्या कागदावर ई मेजर म्हणजे चार शार्प येतात आणि ती बिचारी पहिल्या ओळीतच हरवतात. सी किंवा एफ मेजर ही दोन्हीकडची तडजोड ठरते. दुसरे म्हणजे, आलेल्या प्रत्येक मुलाला वाजवण्याजोगा भाग मिळाला पाहिजे. तयार कागद जसाच्या तसा चालत नसेल तर दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेसाठी तोच भाग मोकळ्या तारांवर लिहून द्यावा, एखादा कठीण उतारा दोन मुलांत वाटून द्यावा. असे भाग लिहिण्यात रविवार जातो, पण त्यानंतर वाद्य नुसते मांडीवर घेऊन बसलेले मूल दिसत नाही.

तालमीची आखणी मिनिटांत करावी. सूर जुळवणे, मग सर्वांनी मिळून एक स्वरमालिका, मग आधी येत असलेली कृती, मग नवे काम, आणि शेवटी पुन्हा काहीतरी सलग वाजवणे. थांबवल्यावर आधी ठिकाण सांगावे, मग कोणी, मग काय: ‘बी अक्षरापासून पाचवा बार, चेलो, तो सूर शेवटपर्यंत धरा.’ क्रम उलटा झाला की निम्मी मुले ठिकाण शोधत राहतात आणि सूचना वाया जाते. एका गटाशी दोन मिनिटांहून जास्त काम करायचे असेल तर बाकीच्यांना काहीतरी द्यावे: तोच उतारा बोटांनी मूकपणे वाजवणे, लय टाळ्यांनी धरणे किंवा चेलोचा भाग गुणगुणणे. ‘पुन्हा एकदा’ असे कारण न सांगता म्हणू नये. मुलांना कारण कळले की दुसऱ्या वेळी ती खरोखर वेगळी वाजवतात. हीच शिस्त पुढे मोठ्यांच्या वाद्यवृंदासमोर जशीच्या तशी उपयोगी पडते, फक्त तेथे बोलणे आणखी कमी करावे लागते.

शिक्षणपद्धतींची ओळख असावी, भक्ती नसली तरी चालेल. डालक्रोझ पद्धती लय शरीराच्या हालचालीतून शिकवते आणि संचालकाच्या स्वतःच्या हातालाही त्याचा गुण येतो. कोडाय पद्धतीचा भर गाण्यावर असतो. ऑर्फ पद्धतीत साधी तालवाद्ये आणि उत्स्फूर्त रचना असते. सुझुकी पद्धती ऐकण्यावर, पुनरावृत्तीवर आणि पालकांच्या सहभागावर चालते. तालमीत गाणे ही कोडायची देणगी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण जे मूल गाऊ शकते त्याला आपला सूर कोठे बिघडला ते सांगावे लागत नाही. श्रोत्यांना समजावून सांगणे हेही शिक्षणच आहे. लेनर्ड बर्नस्टीन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह १९५८ ते १९७२ या काळात दूरचित्रवाणीवर मुलांसाठी ५३ कार्यक्रम केले, आणि त्यांच्या बोलण्यात वाद्यवृंद लगेच उदाहरण वाजवून दाखवत असे. बोलायचे तर तीन वाक्ये बोलून वाजवून दाखवावे, हा त्यातून घेण्याचा धडा. मरिन ऑल्सॉप २००७ साली बाल्टिमोर सिंफनीच्या प्रमुख झाल्या आणि पुढच्याच वर्षी तेथे ‘ऑर्ककिड्स’ ही मुलांसाठीची योजना सुरू झाली.

मुलांबरोबर काम करताना संस्थेचे बालसुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी मागून घ्यावेत. वैयक्तिक शिकवणी दार उघडे असलेल्या खोलीत घ्यावी, चित्रीकरणापूर्वी पालकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि गजाची पकड दुरुस्त करण्यासाठी हात लावण्याआधी विचारावे.

व्यवसायात प्रवेश

येथे ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली ऑपेरागृहाची: पियानोवर गायकांच्या तालमी घेणे, मग पडद्यामागील समूहाला इशारे देणे, मग एखाद्या प्रयोगाचे संचालन. हर्बर्ट फॉन कारायान यांची १९२९ पासूनची पहिली पाच वर्षे उल्मच्या लहानशा नाट्यगृहात गेली, आणि गेओर्ग शोल्टी बुडापेस्टमध्ये गायकांच्या तालमी घेत वर आले. दुसरी वाट सहायक संचालकाची. त्याने तालमीत सभागृहात बसून आवाजाचा तोल ऐकायचा, स्कोअरवर नोंदी करून मध्यंतरात त्या थोडक्यात सांगायच्या, आणि कार्यक्रमातील प्रत्येक कृती कोणत्याही क्षणी चालवता येईल इतकी तयार ठेवायची. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रूनो वॉल्टर आजारी पडले आणि सहायक असलेल्या पंचवीस वर्षांच्या बर्नस्टीन यांना तालमीशिवाय उभे राहावे लागले. तो कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकला गेला. अशी संधी क्वचितच येते, पण तयारी प्रत्येक आठवड्याला ठेवावी लागते.

तिसरी वाट स्पर्धांची. बझाँसाँची स्पर्धा १९५१ पासून होते आणि १९५९ मध्ये सेइजी ओझावा यांनी ती जिंकली; कोपनहेगनची माल्को स्पर्धा १९६५ पासून आहे. बहुतेक स्पर्धांना वयाची अट असते, तेव्हा नियम आधी वाचावेत. अर्जासोबतचे चित्रीकरण वादकांच्या बाजूने, म्हणजे संचालकाचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असे असावे, काटछाट नसावी, आणि त्यात थोडी तालीमही असावी. परीक्षकांना बोलण्याची पद्धत पाहायची असते.

उत्पन्नाबाबत भाबडेपणा नको. स्वतंत्र संचालकाला कार्यक्रमामागे मानधन मिळते आणि तालमी, अभ्यास, स्कोअरची खरेदी त्यातच धरलेली असते; काम मिळवून देणारा प्रतिनिधी असेल तर त्याची टक्केवारी वेगळी. सुरुवातीच्या वर्षांत शाळेतील किंवा युवा वाद्यवृंदातील पगार हाच घरखर्चाचा आधार असतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कराराआधी प्रवास, निवास, तालमींची संख्या, ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे लेखी घ्यावे. संगीत-संचालकपद मिळाले की कार्यक्रमांची निवड, वादकांच्या चाचण्या, देणगीदार आणि समित्या यांत बराच वेळ जातो. हे काम आवडत नसेल तर ते पद घेऊ नये.

तालमींचे वेळापत्रक करताना स्कोअरमधील वाद्यसंख्या पाहावी. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून फक्त शेवटच्या भागात आहेत. ड्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबा केवळ दुसऱ्या भागात थोडेसे सूर वाजवतो. असे भाग तालमीच्या सुरुवातीला किंवा मध्यंतरानंतर लगेच घेतले की त्या वादकांना दोन तास उगाच बसावे लागत नाही, आणि वादकांना मानधन तासावर मिळत असेल तर संस्थेचे पैसेही वाचतात.

पहिल्या कार्यक्रमापासून एक यादी ठेवावी: कृती, आवृत्ती, प्रत्यक्ष लागलेला वेळ, तालमींचे तास आणि वाद्यसंख्या. वाद्यसंख्या रूढ पद्धतीने २.२.२.२ – ४.२.३.१ अशी लिहितात. पहिले चार आकडे बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून यांचे, पुढचे चार हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांचे. मुलांच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या कृती वेगळ्या लिहाव्यात आणि त्यांपुढे मुलांची पातळी नोंदवावी, कारण शिक्षकपदाच्या मुलाखतीत पहिल्या सत्रात कोणती कृती घ्याल, हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर या यादीतून देता येते.